पहिलं कडू

ढोकी, १६ जानेवारी २०२५

अमरनाथ,

आशीर्वाद. निम्माच धाडतेय, निम्मा माझ्याजवळ ठेवलाय.

मी तुझी आजी रुद्रम्मा बोलतेय आणि तुझी आई लिहितेय. तुझ्याशी तोंडानं बोलायचं न्हाय, अशी गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून म्या शपथ घेतली, ती तुला आठवत असंल. दोन वर्षांमागच्या दिवाळीत. जोवर लोकांच्या पेल्यात दारू ओतशील तोवर न्हाय. ती शपथ अजून शाबूत आहे. फोनवर तुझी आई बोलते तेव्हा मी तिकडं पाठ करून बसते, हेही तुला ठाऊक असंल. पण पत्राचं त्या शपथेत काही आलं नव्हतं. मला लिहिताच येत न्हाय, तर न लिहिण्याची शपथ मी कशाला घेऊ?

संक्रांत परवाच झाली. तिळगूळ धाडला न्हाय, कारण गोड बोलायचा विचार न्हाय.

तुझ्या आईनं फोनवर तुझा तो पुण्यातला स्पर्धेचा कार्यक्रम दाखवला. काळं ॲप्रन लावून उभा होतास. पेल्यात सुपारीच्या डब्याएवढा बर्फाचा खडा. त्यावर मापानं दारू ओतलीस, चमच्यानं गूळ घातलास, मोसंबीची साल पिळून कडेला लावलीस. आणि शेवटी इवल्या बाटलीतनं काळ्या पाण्याचे चार थेंब. हात मात्र कापला न्हाय तुझा. तो हात आमच्या घरातला आहे.

मग ती माइकवाली पोरगी विचारते, हे कडू कशाचं? आणि तू काय म्हणालास? "हे बाळकडू आहे. माझ्या अज्जीच्या वहीतलं. म्हणून या ड्रिंकचं नावच अज्जी."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुझी आई रडली. मी रडले न्हाय. मी भाकरी थापत होते, ती जरा जास्त जोरात थापली गेली एवढंच.

तू लहानपणापासून मुरूमच्या तुझ्या आईच्या आईला कानडी चालीनं अज्जी म्हणतोस आणि मला आजी. स्टेजवर तू अज्जी म्हणालास. माझे दात गेलेत, कान न्हाय.

आता तू म्हणशील, आजी, दारूला तुझं नाव दिलं असतं तर तू काठी घेऊन पुण्याला आली असतीस. आलेच असते. पण म्हणून द्यायचंच न्हाय का? आणि द्यायचं तर त्या मुरूमच्या उमादेवीचं?

तुझी आई इथं पेन धरून थांबली. म्हणते, "आत्या, माझ्या आईबद्दल काय काय लिहायला लावणार मला?" म्हणलं, बाई, तुझ्या आईला म्या अजून काहीच म्हणलं न्हाय. तू लिही.

तुझा निरोप पोचला. परीक्षकांनी सांगितलं की कडूपणा एकदम अंगावर येतो आणि घशात बसून राहतो. वीस फेब्रुवारीला बेंगळुरूत शेवटची फेरी आहे, तोवर कडू सुधारलं न्हाय तर तू बाहेर. सुधारलं आणि जिंकलास तर सहा महिने परदेशात शिकायला. आणि म्हणून तू आईला म्हणालास, "आजीला विचार ना, कोणत्या मुळीला किती वेढे?"

व्वा. वही अज्जीची, नाव अज्जीचं, टाळ्या अज्जीच्या. सहाणेवर थेंबभर दुधात मुळी गोल फिरवायची, त्या फिरवण्याचं गणित तेवढं आजीचं. विचार की तुझ्या वहीवालीलाच. ती तर शाळेत मास्तरीण होती.

वेढे मला ठाऊक आहेत. सांगणार न्हाय.

रुद्रम्मा. अंगठा उठवलाय. नीट बघ, जोरात उठवलाय.

ढोकी, २७ जानेवारी

अमरनाथ,

तुझं पत्र मिळालं. फोन सोडून तू हातानं लिहिलंस. तुझ्या आईनं ते तीनदा वाचून दाखवलं. मी दोनदाच सांगितलं होतं.

दारूचं सगळं समजावून लिहिलंस, ते मला कळलं. म्हणजे दीडशे-दोनशे वर्षांपासून विलायतेत एक चाल आहे. धान्याची दारू, साखरेचा खडा, कडूचे दोन-चार थेंब, बर्फ आणि संत्र्याची साल. त्याला ते लोकच म्हणतात जुन्या वळणाचं. तू साखर काढून तिथं आपल्याकडच्या गुऱ्हाळातला गूळ घातलास, संत्र्याच्या जागी मोसंबी आणलीस आणि त्यांचं कडू काढून आपलं कडू घातलंस. बरं केलंस. लुगडं तेच, काठ आपला. पण काठ उलटा शिवलास, त्याचं काय?

तू धाडलेली कडूची बाटली तुझ्या आईनं देव्हाऱ्यापासून लांब, सुतळीच्या बंडलामागं ठेवली होती. म्या फक्त वास घेतला. आपल्या जातीत याचा थेंब चालत न्हाय, तुला ठाऊक आहे.

(चाखलं. करंगळीनं, दोनदा. मग चूळ भरून लिंगाला हात लावला. मी दारातून बघितलं. – आई)

नुसत्या वासानंच कळलं तुझं कुठं चुकतंय. तू काडेचिराईत, कुड्याची साल, मुरुडशेंग, हिरडा आणि जेष्ठमध हे पाचही सारखे मोजून एकाच बरणीत भिजत घातलेस. व्हय ना? वाणसामान आहे का ते? चिराईत बाकीच्या चौघांना बोलूच देत न्हाय. घरात एक माणूस असं असतं. इथं तुझ्या आईनं माझ्याकडं बघितलं. बघू दे.

तान्ह्या पोराला कडू देताना कोणती बाई असं करते? एका मुळीला एक वेढा, दुसरीला दोन, तिसरीला त्याहून जास्त. पोर महिन्याचं झालं की वाढवायचे. हे बोटात असतं. वहीत न्हाय.

तू वहीच्या पानाचा फोटोही धाडलास. आईनं मोठा करून दाखवला. म्हणते, पाच मुळ्यांची नावं आहेत, वळणदार अक्षर. आणि प्रत्येक नावापुढं जिथं आकडा असायला हवा, तिथं शाई फासलीय.

तू लिहिलंस, "अज्जीला वेढे विचारले तर ती म्हणाली, माझ्या हाताचे वेढे घेऊ नकोस बाळा, ते चुकीचे आहेत. तुझ्या आजीला विचार, तिचा हात चांगला."

असं म्हणाली व्हय ती.

मला अक्षर कळत न्हाय. पण खाडाखोड कळते. ते पाच काळे डाग मी लई वेळ बघत बसले. मग म्हणलं, फोन बंद कर, बॅटरी जाईल.

तर आता माझी अट ऐक. नाव बदल. स्टेजवर उभं राहून सगळ्यांसमोर म्हण, हे माझ्या ढोकीच्या आजीचं कडू आहे. अज्जी न्हाय, आजी. तसं कबूल केलंस तर वेढे सांगते. शपथ शपथेच्या जागी, नाव नावाच्या जागी.

तुझी आई म्हणते, "आत्या, ऐंशीला आलात, माझ्या आईशी अजून कसली स्पर्धा?" तिला म्हणलं, ऐंशी न्हाय, अठ्ठ्याहत्तर. ऐंशीची तुझी आई आहे.

रुद्रम्मा

ढोकी, ५ फेब्रुवारी

अमरनाथ,

तुझं उत्तर आलं. लगेच कबूल झालास. लिहितोस, "आजी, नाव बदललं. फॉर्मवरपण बदललं. आता तुझंच नाव. अज्जीला सांगितलं, ती म्हणाली बरं केलंस, तिचाच मान आहे."

बरं केलंस म्हणाली.

ही बातमी ऐकून मला मुरूमच्या दिशेनं फटाके उडवावेसे वाटायला हवे होते. तुझा बाप तेरखेड्याहून दिवाळीचे उरलेले आणतोही. पण चार दिवस झाले, जेवण गोड लागत न्हाय. तुझ्या बापाला वाटतंय पित्त झालंय. उसाची ट्रॉली सोडून औषध आणायला गेला.

म्हणून आज तुझ्या आईला बसवलंय. तिला सांगितलंय, मी बोलेन ते सगळं लिहायचं, मधे थांबायचं न्हाय, आणि लिहून झाल्याशिवाय मला काही विचारायचं न्हाय. तिनं मान हलवलीय. बघू.

आधी वेढे.

चिराईत एक. कुडा एक. मुरुडशेंग दोन. हिरडा दोन. जेष्ठमध पाच, आणि तो सगळ्यात शेवटी. पाचही वेगवेगळ्या बाटल्यांत भिजव. मग ज्या मुळीला जितके वेढे तितके थेंब घे आणि मिसळ. असं केलं की कडू जिभेवर पायरी-पायरीनं उतरतं आणि शेवटी जेष्ठमध हात धरून बाहेर नेतो. हे झालं तुझं काम.

आता माझं.

तू पहिला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तू मुरूमला जन्मलास. मला ते आधीपासूनच खुपत होतं. आमच्या घरातला नातू, त्याला पहिल्यांदा बघणार ती, अंघोळ घालणार ती, त्याच्या तोंडात पहिलं कडू घालणार ती. मी मनाशी ठरवलं, बाकी काही असो, पहिलं कडू माझ्या हातचं. बारशाला निघाले तेव्हा लुगड्यात माझी सहाण गुंडाळून घेतली, मुळ्या घेतल्या. दोन एसट्या बदलल्या. पुरणपोळीच्या डब्यापेक्षा जड ती सहाण मांडीवर घेऊन मी पूर्ण रस्ता बसले होते.

दारात गेले तर तू तुझ्या अज्जीच्या कडेवर. ओठाच्या कोपऱ्याला तपकिरी ओघळ. तिनं हसून सांगितलं, "या विहीणबाई. कडू झालं हो त्याचं, रोज सकाळीच देते. तिसऱ्या दिवसापासून."

तिसऱ्या दिवसापासून.

म्या पण हसले. म्हणलं, बरं झालं.

दुपारी सगळे पंगतीत. तुझी आई मोरीत. खोलीत तू आणि मी. म्या तुझं तोंड पदरानं पुसलं, अगदी आतून, जसं काही ते पुसलं की तिचं कडू निघून जाणार होतं. आणि लुगड्यातनं सहाण काढून पुन्हा कडू उगाळलं. बारा दिवसांच्या पोराला चिराईताचा एक वेढा पुरतो. म्या तीन दिले. माझं जास्त लागावं, तुझ्या जिभेनं माझं ओळखावं म्हणून. सहाण धुतली आणि परत लुगड्यात.

दिवेलागणीच्या आत तू ओकायला लागलास. मग जुलाब. डोळे फिरवलेस. जीप करून सोलापूरला नेलं, तीन दिवस सलाइन. तुझी आई पायरीवर बसून होती, बारा दिवसांची बाळंतीण.

आणि सगळे एकाच बाईकडं बघत होते. तुझ्या आजोबांनी, तिच्या नवऱ्यानं, चारचौघांत विचारलं, "किती वेढे दिलेस गं?" ती म्हणत राहिली, "चिराईताचा एकच हो, एकच. लिहून ठेवलंय." मग हळूहळू म्हणायला लागली, "एकच दिला असंल ना मी?"

आणि मी तुला मांडीवर घेऊन बसले होते. सगळ्यांच्या देखत तिला म्हणलं, "असू द्या विहीणबाई. होतं चुकून माणसाकडनं."

लोक म्हणाले, मोठ्या मनाची आहे रुद्रम्मा.

सव्वीस वर्षं मी मोठ्या मनाची आहे. त्यानंतर तिला पाच नातवंडं झाली, एकालाही तिनं कडू दिलं न्हाय. मला वाटायचं, मास्तरीण आहे, विसरली असंल. तिनं ते आकडे शाईनं बुजवले, हे मला तुझ्या फोटोत आत्ता दिसलं.

हात तिचा बरोबर होता. चुकीचा माझा.

नाव परत बदल. अज्जीच ठेव.

तुझ्या आईनं सगळं लिहिलं. थांबली न्हाय. एकदा शाई पसरली तेवढी, ती तिची आहे.

रुद्रम्मा

(अमर, हे पत्र तुला उशिरा मिळेल. आधी हेच घेऊन मी सकाळच्या गाडीनं मुरूमला चालले आहे, आईला वाचून दाखवायला. आत्यांनी अडवलं नाही. पिशवीत भाकरी बांधून दिली, आणि मी निघताना त्या तोंडाला पदर लावून चुलीपाशी बसल्या होत्या. मी अजून त्यांच्याशी बोललेले नाही. वेढे तेवढे तुला आत्ताच फोनवर पाठवते. – आई)

ढोकी, १२ फेब्रुवारी

अमरनाथ,

अक्षर बदललंय, ओळखलंस का? तुझ्या आईचं नाही. तुझी आई समोर बसून शेंगा फोडतेय. माझ्याशी कालपासून बोलायला लागली, पण 'हो' आणि 'नाही' एवढंच. तेवढं मला पुरतं.

(मी 'नाही' असंच लिहिणार. त्यांनी कसंही म्हणू दे. – अज्जी)

तुझी अज्जी आलीय. परवा दुपारी एसटीनं उतरली, काखेत वही. मी अंगणात तूर वाळवत होते. ती दारात उभी राहिली, आत आली नाही. म्हणाली, "सव्वीस वर्षं, विहीणबाई." मी म्हणले, "पाणी देऊ का?" ती म्हणाली, "पाणी नको. तुमची ती सहाण काढा."

काढली. तीच. लुगड्यातली.

दोघी ओसरीवर बसलो. मग मी तिची माफी मागितली.

(मागितली नाही. माझ्या चहात साखर जास्त घातली आणि बशी दोन्ही हातांनी दिली. – अज्जी)

मधेच ही काय लिहितेय कोण जाणे. माझं बोलणं संपलं तरी पेन चालूच आहे. हाच तर त्रास आहे मला या बाईचा. जन्मभर मी बोलणार आणि लिहिलेलं खरं ठरणार हिचं.

बरं, मागितली नसंल तर आता मागते. लिही गं. उमादेवी, चुकलं माझं. तुमच्या हाताचा विश्वास मी चोरला.

(लिहिलं.)

मग झालं असं की मी म्हणले, तुमचे वेढे सांगा, मी माझे सांगते, बघू. दारू तर दोघींना शिवायची नाही, म्हणून गूळ काळा होईस्तोवर कढईत जाळला, त्याचं पाणी केलं आणि दारूच्या जागी ते धरलं. बर्फ शेजारच्या भागवतच्या फ्रिजमधून. मोसंबी तुझ्या बापानं आणली. तो म्हणतो, तुम्ही दोघी काय बार टाकताय का? चार फूट लांब उभा राहून बघत होता.

चिराईत, कुडा, मुरुडशेंग, दोघींचं सारखंच निघालं. जेष्ठमध पाच, तोही सारखा. हिरड्यापाशी भांडण झालं. माझे दोन, तिचे तीन. मी म्हणले तीन झाले तर तुरट होतं. ती म्हणाली तुरट व्हायलाच पाहिजे, त्याशिवाय गोड कशाच्या मागून येणार? दोन वाट्या केल्या. तुझ्या आईला डोळे मिटून चाखायला लावलं, म्हणजे ती माहेरची बाजू घेणार नाही. तिनं एक वाटी उचलून बाजूला ठेवली, म्हणाली ही. मग मी चाखली.

कोणती, ते लिहू नको असं मी हिला सांगतेय.

(तीन वेढ्यांची. – अज्जी)

लिहिलंच असणार तिनं. तोंडावरनं कळतंय.

तर हिरडा तीन कर. माझ्यामुळं दोन करून बसला असशील.

नावाचं आमचं अजून मिटलं नाही. ती म्हणते, फॉर्मवर आता आजी आहे ते राहू दे. मी म्हणते, अज्जी कर. दोघींनी आवाज चढवला तेव्हा तुझी आई पहिल्यांदा हसली आणि शेंगा सांडल्या. माझंच ऐक. आणि अज्जी ठेवलंस की मला परत लागेल ते, हेही सांगून ठेवते. रोज थोडं थोडं लागेल. लागू दे. एका वेढ्याइतकं कडू या वयात अंगाला बरं असतं.

वहीतलं ते पान तिनं फाडू म्हणलं तर मी फाडू दिलं नाही. शाई फासलेल्या डागांच्या शेजारी तिनं नवे आकडे घातले, एक, एक, दोन, तीन, पाच. मला तिनं बोट धरून दाखवले. त्यातला एक मी ओळखायला शिकले, मुठीशी वळलेल्या काठीसारखा असतो तो. चिराईताचा.

वीस तारखेला तुझं काम झालं की, जिंकलास किंवा नाही, फोन लाव. आईच्या नाही, बापाच्याही नाही. अज्जी तोवर इथंच राहणार आहे, तिच्या फोनवर लाव. ती तो माझ्या कानाला धरील. मी बोलणार नाही. शपथ आहे. ऐकणार नाही असं मी कधी म्हणलं नव्हतं.

उरलेला निम्मा आशीर्वाद सोबत धाडतेय. तो आता पूर्ण झाला.

रुद्रम्मा

(अंगठ्याशेजारी माझी सही करतेय. त्यांनीच जागा सोडायला सांगितली. थोडीशीच सोडलीय. – उमादेवी)